सिंकचं बटण की स्वतःचा कान? लॉनवर वाजवणाऱ्या नव्या डीजेसाठी

नागपुरात वर्धा रोडच्या एखाद्या लॉनवर लग्नात वाजवायचंय, पहिला कंट्रोलर (लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायचं यंत्र) घ्यायचाय, आणि गाडी एकाच जागी अडलीय: बीट मॅचिंग, म्हणजे दोन गाण्यांचे ठोके जुळवणं, कानानं शिकायचं, की तेच आपोआप करणारं सिंक दाबून मोकळं व्हायचं? पैशांचा प्रश्न इथे फारसा येत नाही. साध्या कंट्रोलरवरही सिंकचं बटण असतं आणि पिच फेडरही (गाण्याचा वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी). वेळ मात्र लागतो, तोही कानालाच.

आधी सिंकची बाजू. सॉफ्टवेअर गाणं तपासून बीपीएम (मिनिटाला किती ठोके) काढतं, ठोक्यांची ग्रिड आखतं आणि दोन गाण्यांच्या ग्रिड एकमेकींवर बसवतं. १२५ आणि १२८ चे दोन हाउस (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकचा एक प्रकार) ट्रॅक असतील तर बटण दाबलं की झालं काम. कॉम्प्युटरवर बनलेल्या गाण्याचा ठोका हलत नाही. तिथे सिंकशी स्पर्धा करण्यात मतलब नाही. हात मोकळे राहतात, ते ईक्यूकडे (बेस-ट्रेबलचे नॉब) लावा.

पण आपल्या लग्नांत नुसतं हाउस कोण ऐकतं? सत्तरच्या दशकातलं हिंदी गाणं लावलं की घोळ सुरू. तेव्हा वादक एकत्र बसून वाजवायचे, त्यामुळे अंतऱ्यात लय किंचित पळते, मुखड्याला परत बसते. ग्रिड सुरुवातीला बरोबर, मिनिटभरात सरकलेली. कोराडी रोडवर एकदा माझं हेच झालं. स्क्रीनवर रेघा एकदम सरळ आणि स्पीकरमधून दोन ढोलक्या एकमेकींच्या मागे धावतायत. नवरदेवाचे मामा नाचता नाचता थांबले. “काय लावलं बाप्पा हे?”

कानानं शिकायचं तर एकच ट्रॅक दोन्ही डेकवर (कंट्रोलरच्या गाणं वाजवायच्या दोन बाजू) घ्या आणि बीपीएमच्या आकड्यांवर कागदाची पट्टी चिकटवा. हेडफोन एका कानावर, दुसरा कान स्पीकरकडे. एक ट्रॅक १२५ वर, दुसरा १२६ वर असेल तर मिनिटाला बरोबर एका ठोक्याचा फरक पडतो. म्हणजे एकत्र सोडले तरी अर्ध्या मिनिटात एकाची किक (बेस ड्रमचा ठोका) दुसऱ्याच्या दोन किकच्या मधोमध येते. त्याआधीच ‘ठक’चं ‘ठ-ठक’ होतं, ते पकडायचं. खरी अडचण पुढे: पुढे कोण पळतंय, हेच कळत नाही. जॉग व्हील, म्हणजे डेकवरची गोल चकती, जरा पुढे ढकला. बिघडलं तर उलट दिशा. मला हे जमायला रोजचा अर्धा तास धरून दोन महिने लागले, आणि पहिले पंधरा दिवस नुसती चिडचिड.

टर्नटेबलचं (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) विचारू नका. छान वस्तू आहे, लॉनवर मात्र सुईला धूळ आणि टेबलाला धक्के.

पहिली सुपारी तीन आठवड्यांवर असेल तर सिंकच वापरा, फक्त जुन्या गाण्यांच्या ग्रिड घरी बसून हातानं नीट करून ठेवा. सीझन लांब असेल तर आधी कान. कारण रात्री दहाला आवाज बंद करायचा असतो, आणि पावणेदहाला कुणीतरी पेन ड्राइव्ह हातात देऊन म्हणतंच, “भाऊ, हे लाव ना.” त्या गाण्याची ग्रिड तुम्ही कधी तपासलेली नसते.