‘तिकडे’ कुठे गेलं? स्टॉपलिस्ट सांभाळण्याचे आठ महिने

लांबलचक अनुभव वाचायला सगळ्यांना वेळ नसतो, म्हणून निकाल आधीच सांगते. व्हॉयंट आणि अँटकॉन्क ही मजकुरातले शब्द मोजून दाखवणारी, फुकट मिळणारी दोन्ही टूल्स मराठीला चालतात. मी आठ महिने ती जवळजवळ रोज वापरते आहे आणि पुढेही वापरणार आहे. मात्र नेहमीचे शब्द वगळायची जी यादी असते, जिला स्टॉपलिस्ट म्हणतात, तिने मला जेवढं रडवलं तेवढं बाकी कशानेच नाही. आणि त्यातला निम्मा दोष माझाच होता.

मी दांडिया बाजारात राहते आणि टायपिंग-अनुवादाची कामं घेते. पाटीवर वडोदरा लिहिलेलं असलं तरी आम्ही बडोदंच म्हणतो. गेल्या पावसाळ्यात एका संशोधक मॅडमनी ४१ मुलाखतींचं काम दिलं. सगळी पिढ्यानपिढ्या इथेच राहिलेल्या मराठी घरांतली वयस्कर माणसं, प्रत्येकाचं तास-दीड तासाचं रेकॉर्डिंग. ऐकून टाइप करायचं आणि मग कोणते शब्द जास्त येतात, कशाच्या आजूबाजूला येतात, ते काढून द्यायचं. टायपिंग मला येत होतं. दुसरं काम मी ‘हो, जमेल’ म्हणून घेतलं आणि घरी येऊन शिकायला बसले.

व्हॉयंट ब्राउझरमध्ये चालतं. स्टेफान सिंक्लेअर आणि जेफ्री रॉकवेल या दोन प्राध्यापकांनी बनवलेलं आहे. मजकूर चिकटवला की शब्दांचा ढग समोर येतो, ज्याची वारंवारिता जास्त तो शब्द मोठा. माझ्या पहिल्या ढगात सगळ्यांत मोठा शब्द होता ‘म्हणजे’. त्याच्या खाली ‘आहे’, ‘होतं’, ‘ते’, ‘पण’, ‘मग’. चाळीस म्हाताऱ्या माणसांनी आयुष्य उलगडून सांगितलं आणि यंत्राने त्यातून काढलं काय, तर ‘म्हणजे’!

इथे यादीचं काम सुरू होतं. व्हॉयंटमध्ये पर्यायांच्या खिडकीत जाऊन यादी उघडायची, एका ओळीत एक शब्द लिहायचा आणि जतन करायची. सगळ्या खिडक्यांना एकदम लागू करायची खूण आधीच केलेली असते. मूळ मजकुराला धक्का लागत नाही, फक्त दाखवताना ते शब्द गाळले जातात. त्यामुळे चूक झाली तर शब्द यादीतून काढला की परत दिसतो. ही गोष्ट मला फार आवडली, कारण मी दिवसाला दहा वेळा मत बदलत होते. अँटकॉन्क संगणकावर उतरवून घ्यावं लागतं. ते टोकियोच्या वासेदा विद्यापीठातल्या लॉरेन्स अँथनी यांचं काम. दिसायला अगदी साधं आहे, पण शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य दोन्ही बाजूंनी दाखवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

मी इकडून तिकडून जमवून आणि डोक्याने भर घालून साधारण साडेतीनशे शब्दांची यादी केली. सर्वनामं, ‘असणे’ आणि ‘होणे’ची सगळी रूपं, उभयान्वयी अव्ययं, ‘इथे, तिथे, इकडे, तिकडे’ अशी स्थळाची क्रियाविशेषणं. ढग एकदम स्वच्छ झाला. ‘महाराज’, ‘शाळा’, ‘आई’, ‘वाडा’, ‘नोकरी’, ‘लग्न’. मॅडम खूश झाल्या, मीही खूश.

तीन आठवड्यांनी मॅडमचा फोन आला. त्यांचा एक मुद्दा असा होता की १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि १ मे १९६० ला त्या राज्याचे दोन तुकडे होऊन बडोदं गुजरातेत राहिलं. तेव्हा या माणसांच्या बोलण्यात महाराष्ट्र किती येतो? मी मोजून दिलं होतं: ‘महाराष्ट्र’, ‘महाराष्ट्रात’, ‘महाराष्ट्राचा’, सगळी रूपं धरून ४१ मुलाखतींत १९ वेळा. त्यावरून त्यांनी मसुद्यात लिहून टाकलं होतं की महाराष्ट्राशी या घरांचा मनाने फारसा संबंध उरलेला दिसत नाही.

मी ते वाचलं आणि अस्वस्थ झाले. आकडा बरोबर होता, पण ती रेकॉर्डिंगं मी कानाने ऐकलेली होती. त्या रात्री एका आजींची मुलाखत परत लावली. आजी सांगत होत्या: “तिकडचं स्थळ आलं होतं, पण वडील म्हणाले, तिकडे मुलगी दिली की वर्षातून एकदा दिसेल. आणि तिकडची माणसं आपल्या बोलण्याला हसतात ने!”

तिकडे. ही माणसं ‘महाराष्ट्र’ असं म्हणतच नाहीत. आमच्या घरीही कुणी म्हणत नाही. पुणं, मुंबई, सातारा, नागपूर, सगळं मिळून ‘तिकडे’. आणि हा शब्द मी स्वतःच्या हाताने यादीत घातला होता, ‘इकडे’च्या शेजारी, विचारही न करता. अख्खं राज्य एका ओळीत पुसलं होतं.

अँटकॉन्कमध्ये ‘तिकड’ लिहून पुढे तारा टाकला, की तिकडे, तिकडचा, तिकडची, तिकडून सगळं एकदम आलं. शब्दसूचीतून गाळलेला शब्दही शोधायला गेलं की वाक्यासकट सापडतो, हे तेव्हा कळलं. ३१२ ओळी निघाल्या. त्यात “ती खुर्ची तिकडे ठेव”सुद्धा होतं, म्हणून एकेक ओळ वाचून वेगळी केली. दोन दिवस गेले. १८७ ठिकाणी ‘तिकडे’ म्हणजे महाराष्ट्र होता. मॅडमनी तो परिच्छेद खोडला. त्या मला काही बोलल्या नाहीत, पण त्या महिन्याचं बिल पाठवायला मी आठ दिवस उशीर केला.

यानंतर मी यादी करायची पद्धतच बदलली. आता यादीत शब्द घालण्याआधी त्याच्या वीस-पंचवीस ओळी वाचते. कंटाळवाणं आहे, पण त्यामुळेच ‘नाही’ आणि ‘नको’ गाळले जाण्यापासून बचावले. तयार याद्यांत ‘नाही’ हमखास असतो. “शिकवलं नाही” यातून ‘नाही’ उडालं की उरतं ‘शिकवलं’. चित्र उलटंच होतं.

आता तांत्रिक त्रासाचं सांगते, कारण हे मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं.

यादीत ‘दुसऱ्या’ होता, तरीही निकालात ‘दुसऱ्या’ दिसायचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच. तीनदा यादी परत चिकटवली. शेवटी भाच्याने दोन्ही शब्दांचे युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षर ज्या क्रमांकाने ओळखतो ते, उघडून दाखवले. एकात मराठीचा वेगळा ‘ऱ’ होता, क्रमांक ०९३१, आणि पुढे हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्हींचा तोच ‘ऱ्या’ उमटतो, संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द. काही मुलाखती मी घरच्या कीबोर्डने टाइप केल्या होत्या, काही फोनवर, तिथे ही फाटाफूट झाली. भाचा म्हणाला, “मावशी, नॉर्मलायझेशन करू, सगळं सारखं होईल.” झालं नाही. ‘र’ला नुक्ता, म्हणजे खाली टिंब, देऊन लिहिलेला तिसरा प्रकार त्याने ०९३१ मध्ये आणला, पण जॉइनरवाला तसाच राहिला, कारण युनिकोडच्या लेखी ती दोन रूपं एकच नाहीत. तिथे शोधा-आणि-बदलाच करावं लागलं.

त्याच भाच्याने पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक छोटी मोजणीची स्क्रिप्ट लिहून दिली होती. तिने ‘बडोदा’चे ‘बड’, ‘द’ असे तुकडे केले. पायथॉनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधायच्या सोयीत, शब्दातलं अक्षर ओळखायची जी खूण आहे, ती काना-मात्रा-वेलांटीला अक्षर धरत नाही. युनिकोडमध्ये त्या ‘मार्क’ या वेगळ्या वर्गात येतात. अँटकॉन्कमध्ये शब्द कशाला म्हणायचं ते आपल्याला ठरवता येतं. तिथे ‘लेटर’बरोबर ‘मार्क’ही धरलेलं आहे ना, एवढं पहिल्याच दिवशी बघून घ्या. तुकडे पडले असतील तर यादी कितीही चांगली असली तरी तिचे बहुतेक शब्द जुळणार नाहीत.

आणखी एक गंमत त्या स्क्रिप्टच्याच यादीची. पहिला शब्द ‘आणि’ काही केल्या गाळला जाईना, बाकी सगळे निमूट जायचे. फाइल जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये जतन केलेली होती, त्याने सुरुवातीला एक अदृश्य खूण चिकटवली होती आणि ती ‘आणि’ला लागून बसली होती. खूण काढून जतन केल्यावर तोही गेला.

मधे एक महिना पैसे भरून एक पॅकेजही घेऊन पाहिलं. नाव घेत नाही. जाहिरातीत ‘मराठी स्टॉपवर्ड्स’ होते. उघडून पाहिलं तर यादी सरळ हिंदीची, ‘है’, ‘था’, ‘लेकिन’ वगैरे. हे शब्द मराठी मजकुरात नसतातच, त्यामुळे निरुपद्रवी. पण तीत ‘का’सुद्धा होता. हिंदीत तो षष्ठीचा प्रत्यय, आपल्याकडे तो प्रश्न. मुलाखतींतले सगळे ‘का’ गेले. पैसे परत मागितले, मिळाले नाहीत.

मराठीची खरी गोची प्रत्ययांची आहे. ‘बडोदा’ प्रत्येक मुलाखतीत येतो, म्हणून त्याने काही वेगळं कळत नाही, म्हणून गाळायचा. मग ‘बडोद्यात’, ‘बडोद्याला’, ‘बडोद्याचे’, ‘बडोद्याहून’, आणि कुणी ‘बडोदे’ म्हणतं, कुणी ‘बडोदं’. यादीतला शब्द अख्खा जुळावा लागतो, म्हणून प्रत्येक रूप वेगळं लिहावं लागतं. इंग्रजीच्या दीड-दोनशे शब्दांच्या याद्या बघितल्या की हेवा वाटतो. माझी आता अकराशेच्या वर गेली आहे आणि त्यातले बरेचसे एकाच शब्दाचे नातेवाईक आहेत.

हे गाळायचे शब्द कुचकामी नसतात, हेही याच कामात कळलं. फ्रेडरिक मोस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या ‘फेडरलिस्ट’ या जुन्या राजकीय निबंधांपैकी वादातले १२ निबंध कुणाचे ते शोधताना नेमके हेच शब्द मोजले होते. दोन संभाव्य लेखकांपैकी हॅमिल्टन ‘अपॉन’सारखा किरकोळ शब्द सढळ हाताने वापरायचा, मॅडिसन फारसा नाही. वादातले निबंध मॅडिसनचे ठरले. हे वाचल्यावर मी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यादीतून बाहेर काढले आणि वेगळे मोजले. गुजराती शेजाऱ्यांबद्दल बोलताना कोण ‘आपण’ म्हणतं आणि कोण ‘आम्ही’, यावर मॅडमचं आता एक प्रकरण चाललं आहे.

सध्या माझ्याकडे एक नाही, चार याद्या आहेत. विषय शोधायला एक, माणसांची नाती बघायला दुसरी, मुलाखत घेणारीचे ‘बरं’, ‘हं’, ‘अच्छा’ गाळायला तिसरी, आणि चौथी रिकामी, कारण कधीकधी काहीच गाळायचं नसतं. चारही साध्या टेक्स्ट फाइली, नावातच तारीख. टूलमध्ये फक्त चिकटवते, मूळ प्रत कधी तिथे ठेवत नाही. कोणता आकडा कोणत्या यादीने आला ते त्याच ओळीत लिहिते. मॅडमना सुरुवातीला हा अतिरेक वाटला होता.

गुण द्यायचे तर व्हॉयंटला पाचपैकी चार. यादी बदलून लगेच परिणाम बघायला त्याच्याइतकं सोपं काही नाही, आणि त्याचा सर्व्हर स्वतःच्या संगणकावर उतरवून चालवता येतो, म्हणजे लोकांच्या खासगी मुलाखती बाहेर जात नाहीत. आम्ही तसंच चालवतो. अँटकॉन्कला साडेचार, अर्धा गुण त्या कोरड्या चेहऱ्यासाठी कापला. मराठीच्या तयार यादीला, कुठलीही असो, दीड.

एक शब्द मात्र अजून लटकलेला आहे: ‘ने’. आजींच्या “हसतात ने!” मधला ‘ने’ गुजरातीतून आलेला, आपल्या ‘ना’सारखा. “डबा घेऊन ने” मधला ‘ने’ क्रियापद. आणि मी घाईत “मुला ने” असं जागा सोडून टाइप केलेले काही, ते तृतीयेचे प्रत्यय. गाळला तर बडोद्याच्या मराठीची सगळ्यांत ओळखीची लकब जाते, ठेवला तर माझ्या टायपिंगच्या चुका पहिल्या पन्नासात येऊन बसतात. ६४० ओळी आहेत. रोज रात्री जेवणं झाल्यावर तीस वाचते.