चित्रं विकायची असतील तर बारा रंगांची पेटी नको, सहा ट्यूबा घ्या

नोकरीतून निवृत्त झाल्यावर किंवा शेती मुलाच्या हाती दिल्यावर ब्रश धरलेले, आणि आता चित्रं विकायचीच असं ठरवलेले लोक विदर्भाच्या गावागावांत आहेत. हे परीक्षण त्यांच्यासाठी आहे. माल आहे देशी बनावटीचे आर्टिस्ट दर्जाचे ॲक्रिलिक रंग, आणि तुलना स्टुडंट दर्जाच्या पेटीशी, कारण तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानात बहुधा तीच मिळते. निकाल आधीच सांगतो. सरावाला पेटी चालेल. पण ज्या चित्राचे पैसे घ्यायचे, त्यावर स्टुडंट दर्जाचा एकही थर नको.

फरक रंगद्रव्याचा आहे. स्वस्त ट्यूबमध्ये रंगद्रव्य कमी आणि खडूच्या भुकटीसारखी भर जास्त असते. ओला असताना रंग छान दिसतो, सुकला की निस्तेज आणि खडूसारखा कोरडा दिसतो. तपासायला सोपं आहे: एक भाग निळा, दहा भाग पांढरा, छोट्या चमच्याने मोजून मिसळा. आर्टिस्ट दर्जाचा अल्ट्रामरीन तरीही स्वच्छ आकाशी राहतो, स्टुडंट दर्जाचा मात्र धुतलेल्या लुगड्यासारखा विटका दिसतो. म्हणजे तीच छटा आणायला स्वस्त रंग कितीतरी जास्त पिळावा लागतो, आणि वाचवलेले पैसे तिथेच जातात.

दुकानात ट्यूब उलटी करून मागचं लेबल वाचा. रंगद्रव्याचा संकेतांक छापलेला नसेल तर ती ट्यूब विकाऊ चित्रासाठी घेऊ नका. नावापुढे ‘ह्यू’ असेल तर मूळ द्रव्याऐवजी त्याची नक्कल वापरलेली असते. नक्कल वाईटच असते असं नाही, पण संकेतांक पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये. घ्यायच्या सहा ट्यूबा अशा (कंसात संकेतांक, लेबलवर तो PW6 असा इंग्रजीत असतो): टायटॅनियम व्हाइट (पीडब्ल्यू ६), यलो ऑकर (पीवाय ४२ किंवा ४३), एखादा स्वच्छ पिवळा, क्विनाक्रिडोन गुलाबी (पीआर १२२ किंवा पीव्ही १९), बर्न्ट सिएना (पीआर १०१ किंवा पीबीआर ७) आणि अल्ट्रामरीन ब्लू (पीबी २९). पांढरा इतरांच्या दुप्पट घ्या, तोच आधी संपतो. काळ्याची ट्यूब लागत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना जवळजवळ सारखे मिसळले की आपल्या काळ्या मातीचा रंग मिळतो, निळा थोडा वाढवला की पहिल्या पावसानंतरची ओली माती. पळसाचा केशरी गुलाबी-पिवळ्यातून येतो, मात्र त्यात पांढरा घालू नका, फूल लगेच दुधाळ दिसतं. नंतर कधी थॅलो हिरवा किंवा निळा घेतलात तर ज्वारीच्या दाण्याएवढाच काढा, तो रंग मिसळायची सगळी पाटी खाऊन टाकतो.

चमकणारे फ्लोरोसंट गुलाबी-पोपटी सोडून द्या. उन्हाच्या खोलीत ते फार लवकर उडतात. शंका असलेल्या कोणत्याही रंगाची घरीच परीक्षा होते. जाड कागदावर पट्टा ओढायचा, अर्ध्या भागावर ॲल्युमिनियमची फॉइल घट्ट बसवायची आणि मार्चपासून जूनपर्यंत थेट ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवायचा. फॉइल काढल्यावर मधली रेघ दिसली तर तो रंग सरावाच्या डब्यात.

आता विदर्भातली खरी अडचण. ॲक्रिलिक सुकतो तो पाणी उडून. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४६-४७ पर्यंत जातो, हवेत ओल जवळपास नसते, आणि पाटीवरचा रंग काही मिनिटांत साय धरतो. दोन छटा एकमेकींत मिसळायला वेळच मिळत नाही. उपाय: स्टीलच्या झाकणाच्या डब्यात सुती कापडाची ओली घडी, तिच्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. झाकण लावलं तर रंग दुसऱ्या दिवशीही चालतो. पाणी फवारायची बाटली जवळ ठेवा, पण पाण्यानेच रंग पातळ करत राहू नका. बाईंडर (रंगद्रव्य धरून ठेवणारा चिकट घटक) विरळ झाला की थर कच्चा राहतो आणि ओल्या फडक्याने निघतो. पातळ करायचंच तर ॲक्रिलिक मीडियम (रंगद्रव्य नसलेला बाईंडर) घाला, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, रिटार्डर (सुकणं लांबवणारा द्रव), तोही थोडाच. जास्त झाला तर थर चिकट राहतो. वाळ्याचा कूलर खोलीतली ओल वाढवतो, त्यामुळे कामाला मदतच होते, फक्त त्याचा झोत थेट कॅनव्हासवर नको. टिनाच्या खोलीत सकाळी दहाच्या आत काम उरका, आणि ट्यूबा टिनाखालच्या फळीवर किंवा मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवू नका. उष्णतेने आतलं मिश्रण फुटू शकतं.

दुसरा दोष कमी लोकांच्या लक्षात येतो. ॲक्रिलिक सुकल्यावर थोडा गडद होतो, कारण ओला बाईंडर दुधाळ असतो आणि सुकला की पारदर्शक. काल रंगवलेल्या गालावर आज तीच छटा लावायला जाल तर डाग पडेल. म्हणून प्रत्येक मिश्रणाचा ठिपका कागदावर सुकवून, प्रमाण लिहून ठेवा. व्यक्तिचित्रांच्या ऑर्डरी घेणार असाल, तर गालाच्या मऊ उतारासाठी तैलरंगच सरस. त्यात मात्र थर सुकायला दिवस लागतात, टर्पेंटाइनला खेळती हवा लागते, आणि शेवटच्या व्हार्निशसाठी सहा महिने ते वर्षभर थांबावं लागतं. गिऱ्हाइकाला ती मुदत आधीच सांगा.

रंग उत्तम आणि कॅनव्हास भुक्कड, हे सर्रास दिसतं. कापसाच्या मुलखात राहून पातळ तयार कॅनव्हास कशाला घ्यायचा? साधारण ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं) सुती कॅनव्हास कापड आणून चौकटीवर ताणा. चौकट पूर्ण वाळलेल्या सागवानाची हवी, ओलं लाकूड पुढे पिळतं. आतली कड तासून उतरती करा, नाहीतर काही वर्षांत चित्रावर चौकटीची रेघ उमटते. खिळे मारायला प्रत्येक बाजूच्या मध्यापासून सुरुवात करून कोपऱ्याकडे जा. ३० इंचांवर गेलात तर मधे आडवी पट्टी घाला. पावसाळ्यात कापडाचा ताण बदलतो, म्हणून कोपऱ्यांत पाचरी ठेवा. वर जेसोचे (रंगाखाली लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन पातळ थर, प्रत्येक थर सुकल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात. अर्ध्या लिटर जेसोत १६ बाय २० इंचांचे साधारण सहा कॅनव्हास होतात. भिंतीचा डिस्टेंपर किंवा पुट्टी जेसोऐवजी लावू नका. ती कापडाबरोबर वाकत नाही, तडकते, आणि तिच्यासोबत चित्रही.

वयाचा एक मुद्दा रंगांशी थेट जोडलेला आहे. मोतीबिंदू वाढतो तसं सगळं पिवळट दिसू लागतं आणि निळा ओळखू येत नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया १९२३ मध्ये झाली, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. त्याआधीच्या काही वर्षांतल्या त्यांच्या चित्रांत लाल-तपकिरी रंग दाटलेले दिसतात. म्हणून पाटीवर रंगांची जागा कायम ठरवा, ट्यूबांवर मोठ्या अक्षरांत नावं लिहा, आणि डोळे तपासून घेतल्यावरच महत्त्वाची ऑर्डर धरा. वाचायचा चष्मा इझलला (कॅनव्हास ठेवायच्या घोडीला) चालत नाही. डोळ्यापासून कॅनव्हासपर्यंतचं अंतर मोजा, ते बहुधा ६० ते ७० सेंटिमीटर भरतं, आणि तेवढ्याच अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या. ट्यूबच्या टोपीचे आटे दर वेळी पुसून थोडं व्हॅसलीन लावलं, तर सांधे दुखणाऱ्या बोटांनाही ती उघडते.

व्हार्निश पावसाळ्यात लावू नका, दमट हवेत ते पांढरट पडतं. दिवाळीनंतरची कोरडी हवा चांगली. काढता येणाऱ्या व्हार्निशचे दोन पातळ थर पुरे, आणि त्याआधी चित्र दोन-तीन आठवडे सुकू द्या. ॲक्रिलिकचा थर उन्हाळ्यात मऊ पडतो, त्यामुळे चित्रं एकमेकांना चिकटवून रचू नका. एसटीने नागपूरला न्यायची असतील तर वर्तमानपत्र किंवा बबल रॅप थेट चित्रावर लावू नका, त्याचे ठसे उमटतात. आधी सिलिकॉन लावलेला बेकिंग पेपर, मग पुठ्ठा, मग बबल रॅप.

खरेदीला नागपूरच्या सीताबर्डीत जाणं सोयीचं, कारण लेबल हातात घेऊन वाचता येतं. पार्सल मागवायचं असेल तर ते फेब्रुवारीच्या आत मागवा, म्हणजे वाटेतल्या उष्णतेने रंग फुटणार नाहीत. चित्र विकताना कॅनव्हासच्या मागे चौकटीवर नाव, वर्ष, वापरलेल्या रंगांचे संकेतांक आणि व्हार्निशचा प्रकार पेन्सिलीने लिहा. वीस वर्षांनी धुरकटलेलं चित्र कोणी साफ करायला घेईल, त्याला तेवढी माहिती पुरते.