सिल्व्हर बेयोनेट : नेपोलियनच्या काळातली भुतं आमच्या डायनिंग टेबलवर

वर्षभर मी आणि दादा दर रविवारी रात्री जेवणं आटोपली की टेबल पुसून हाच गेम मांडतोय, म्हणून आता निवांत लिहिते. गेम म्हणजे ऑस्प्रे या प्रकाशनाचं 2021 चं 'द सिल्व्हर बेयोनेट' (म्हणजे चांदीची संगीन), लेखक जोसेफ मॅककलो. छोटे छोटे शिपायांचे पुतळे टेबलावर हलवून, फासे टाकून लढाई खेळायची, असा हा प्रकार. घेण्याआधी एक लक्षात घ्या, हे नुसतं रूलबुक आहे, खोक्यात सगळं तयार मिळत नाही, शिपाई, फासे, पडकी घरं सगळं आपलं आपण जमवायचं.

साल 1810, युरोपभर नेपोलियनची युद्धं पेटलेली आणि त्या रक्तपातात व्हॅम्पायर, वेअरवुल्फ असलं काय काय बाहेर पडलंय. प्रत्येक देशाने त्यांच्या मागावर गुपचूप एक छोटी तुकडी सोडलीय, ती आपण चालवायची, एक अधिकारी आणि सोबत जास्तीत जास्त सात जण. एवढीच माणसं असल्यामुळे प्रत्येकाचं नाव ठेवलं जातं आणि मेला की खरंच वाईट वाटतं.

नियम सोपे आहेत, दहा बाजूंचे दोन फासे, एक कौशल्याचा, एक ताकदीचा. पण मला सगळ्यात आवडलं ते बंदुकीचं. एकदा बार काढला की परत भरायला त्या शिपायाची एक अॅक्शन, म्हणजे पाळीतली एक कृती जाते, आणि कुठलं भूत चांदीला भितं, कुठलं लोखंडाला, ते बघून हत्यारं आधीच घ्यावी लागतात. मागच्या महिन्यात माझ्या ग्रेनेडियरने (तुकडीतला निवडक दणकट शिपाई) चांदीची गोळी झाडली ती हुकली, समोर पाच इंचांवर वेअरवुल्फ, बंदूक रिकामी, आता भरायची की संगीन पुढे करून उभं राहायचं? दादा नुसता बघत बसला होता, कोणी बोलेना. मी संगीन निवडली आणि ग्रेनेडियर वाचला!

आता तक्रार. भुतांची यादी भरपूर आहे पण एकेकाबद्दल मजकूर थोडाच, आणि त्या काळाचा खरा इतिहास तर फारच कमी दिलाय. नवीन माणूस पुस्तक वाचून संपवतो आणि मग विचारतो की आता खेळायचं काय. माझं मत असं की भुतं पुस्तकातून घ्या पण गोष्ट इतिहासातून घ्या, कारण तिथे जे सापडतं त्यावर काही रचायची गरजच उरत नाही.

मी ऑस्ट्रियाची तुकडी घेतली तेव्हा वाचत गेले तर कळलं की 1732 च्या जानेवारीत सर्बियातल्या मेद्वेजा गावात ऑस्ट्रियाच्या फौजेचा सर्जन फ्ल्युकिंगर याने सरकारी हुकमावरून थडगी उघडली आणि व्हॅम्पायरांबद्दल रीतसर रिपोर्ट लिहिला, खाली लष्करी अधिकाऱ्यांच्या सह्या. पुढे 1755 मध्ये ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसाने आपल्या वैद्याचा, व्हान स्विटेनचा अहवाल मागवून मडी उकरण्यावर बंदी घातली. म्हणजे माझ्या अधिकाऱ्याच्या हातात द्यायला दप्तरातला खरा कागदच मिळाला! त्यावर आम्ही तीन रविवार खेळलो. गावातली थडगी मी शाडूच्या मातीची केली, अर्धवट ओली असतानाच दाभणाने क्रॉस कोरले, वाळल्यावर मातीला आपसूक तडे गेले आणि ती अगदी जुनी दिसायला लागली.

दुसरं बेरेझिना नदीचं. नोव्हेंबर 1812, नेपोलियनच्या फौजेची रशियातून माघार, जनरल एब्लेचे पूल बांधणारे सैनिक बर्फगार पाण्यात उभे राहून दोन पूल उभारतात आणि 29 तारखेला तेच पूल जाळावे लागतात, पलीकडे हजारो माणसं राहिलेली. आम्ही फक्त एवढंच घातलं की पाण्याखाली काहीतरी आहे. दादाने तो डाव अर्ध्यात थांबवला, म्हणाला आज नको, आणि मला पटलं, कारण तिथे भुतापेक्षा ती मागे राहिलेली माणसंच जास्त अंगावर येत होती.

आपल्याकडचा धागाही आहे बरं का. स्पेनमध्ये फ्रेंचांशी लढणारा इंग्रज सेनापती वेलिंग्टन तोच, ज्याने 23 सप्टेंबर 1803 ला असईला शिंद्यांच्या फौजेशी लढाई केली. केळणा आणि जुई नद्यांच्या मधलं ते मैदान, रात्र, शिंद्यांच्या कवायती पलटणीतले वाट चुकलेले शिपाई आणि पिंपळावरचा मुंजा, हा डाव मी सध्या लिहितेय. मुंजासाठी पुस्तकातल्या एका भुताचेच आकडे घेतलेत, नियम एवढे मोकळे आहेत की काही अडत नाही.

खर्चाचं म्हणाल तर पेरी या पुतळे बनवणाऱ्या कंपनीचा नेपोलियनच्या काळातल्या पायदळाचा एक प्लास्टिकचा बॉक्स पुरतो, चाळीसेक शिपाई निघतात, दोघांच्या तुकड्या होऊन वर उरतात. कुरियरवाल्याने माझा बॉक्स चेपून दिला होता, सहा संगिनी मोडल्या, म्हणून पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. आणि एकटे असाल तरी घ्या, एकट्याने खेळायचे डावही पुस्तकात आहेत, मी दादा गावाला गेला की तेच खेळते.

माझ्याकडून पाचपैकी चार, तो एक कापला तो इतिहासाच्या पानांसाठी.