पावसाळ्यात मोठा भोपळा: जायंटचं बी लावू की गावठी?

भोपळा खायचाय की दाखवायचाय ते आधी ठरवा, बी कुठलं घ्यायचं ते त्यावरच आहे. मे महिना लागला की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, ऑनलाईन ते अटलांटिक जायंटचं बी मिळतं ते लावू का आपला गावठी तांबडा भोपळाच बरा, मागे अंगण आहे, एकच करायचाय पण मोठ्ठा. मी दोन्ही लावून बघितलेत, तेही कोकणात भर पावसात, आणि भोपळ्याला याच्याएवढा वैताग सीझन दुसरा नाही. (विदर्भात ज्याला कोहळं म्हणतात तोच हा. आमच्याकडे कोहळा म्हणजे पांढरा, पेठ्याचा, त्यावरून आमच्या घरात सासर-माहेर अशी चर्चा अजून चालू आहे.)

जायंट ही कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं निवड करत बनवलेली जात. स्पर्धेतले राक्षसी भोपळे याच वंशाचे असतात, २०२३ ला कॅलिफोर्नियात हाफ मून बेला जो काट्यावर चढवला तो १,२४७ किलोचा होता, म्हणजे जवळपास दोन मारुती ८००. भरात असताना दिवसाला २० किलोपर्यंत वाढतो म्हणे, हे लोक ऐकतात आणि बी मागवतात. पण तिकडे उन्हाळ्यात दिवस चांगला पंधरा तासांचा, रात्री गार, आणि पाणी माणूस मोजून देतो. आपल्याकडे जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, रात्री पण २४-२५ डिग्री, पान सुकायलाच तयार नाही. पानाला ऊन नाही तर फळात भरणार काय?

दुसरं म्हणजे दोघांची जात-कुळीच वेगळी. जायंट मॅक्सिमा, आपला गावठी बहुतेक ठिकाणी मोस्काटा (ही भोपळ्याच्या दोन प्रजातींची शास्त्रीय नावं). देठ बघून कळतं, गावठीचा देठ कडक, पाच धारांचा, फळाला टेकतो तिथे पसरलेला, आणि जायंटचा गोल, बुचासारखा फुगलेला मऊ. मोस्काटाला गरम दमट हवा झेपते, मॅक्सिमाला नाही झेपत, आणि ते मला पाच बिया वाया घालवून कळलं. तीन उगवल्या, दोन वेल जूनमध्येच मुळं कुजून गेले, उरलेल्यावर केवडा (पानांवरचा बुरशीसारखा रोग) आला, पानं पिवळी चौकोनी डाग पडून करपली, आणि एकुलतं एक फळ नारळाएवढं झालं आणि खालून मऊ पडलं. त्याच कुंपणाला शेजारच्या काकूंनी राख लावून ठेवलेल्या बियांचा गावठी वेल होता, त्याने साडेनऊ किलोचा एक दिला. त्याच्यावर रोग नव्हता असं नाही, पण तो रोगाला पुरून उरला.

जागेचं पण बघा. जायंटच्या एका वेलाला साधारण २० बाय २० फूट मोकळी जमीन लागते, मांडवावर चढवायचा विषयच नाही. गावठी पण पसरतोच पण कुंपणावर, गोठ्याच्या छपरावर कुठेही जातो, फक्त मोठं फळ हवं असेल तर ते जमिनीवर किंवा पत्र्यावर टेकलेलं पाहिजे.

आता दोघांनाही सारखं लागू होणारं आणि माझ्या मते अर्धा खेळ इथेच आहे, ते म्हणजे फुलं. मादी फूल (खाली छोटा भोपळा असतो ते) पहाटे उमलतं आणि नऊ-दहाला मिटतं, त्या तीन-चार तासांत पाऊस असला तर मधमाशी येत नाही आणि परागाचा पिवळा चिखल होतो. म्हणून आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशी उमलणारी फुलं हेरायची, टोकाला पिवळी पडलेली असतात, नर आणि मादी दोन्हींना दोऱ्याने हलकं बांधायचं आणि वर जाड कागदाची टोपी, मी दुधाची पिशवी घालतो. सकाळी साडेसहाला छत्री मानेत धरून नराच्या पाकळ्या सोलायच्या, मधला दांडा मादीच्या आत गोल फिरवायचा, परत बांधून टाकायचं. घरचे हसतात, हसू दे. फळ धरलं की चार-पाच दिवसांत फळमाशी टोचते, टोचलेल्या जागी डिंकासारखा थेंब दिसतो, तो दिसला की ते फळ गेलं समजा, म्हणून मुठीएवढं असतानाच कागदी पिशवी आणि बाजूला क्यू ल्युअरचा (नर फळमाशांना ओढणाऱ्या वासाच्या औषधाचा) सापळा. एका वेलावर एकच फळ ठेवायचं, बाकीची काढताना जीव तुटतो पण काढा. खाली पेंढा नको, पावसात कुजतो, नारळाच्या सोडणांवर फळी ठेवा. शेणखत पण हात राखून, नाहीतर पानं छत्रीएवढी आणि फुलं सगळी नर.

चवीत तुलनाच नाही. जायंट पाणचट, गर दोऱ्यासारखा, भाजी केली तर कढईत पाणीच पाणी. गावठीचे घारगे होतात, आणि नीट पिकलेला देठासकट काढला तर माळ्यावर महिनोन्‌महिने राहतो.

मग जायंट लावूच नये का, तर लावा, पण नोव्हेंबरात. कोकणात तेव्हा दिवसा ऊन कडक, रात्री गारवा, पाणी आपल्या हातात, पेरल्यापासून तयार व्हायला १२० दिवस धरले तरी मार्चचा ताप वाढायच्या आत सुटतो. भुरी येते तेव्हा, पांढरी पावडर दिसली की गंधक फवारायचं, पण सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, भर उन्हात फवारलं तर पानं जळतात. माझा ४१ किलोचा झाला, जगाच्या हिशोबात पिल्लूच, पण भातगिरणीच्या काट्यावर चौघांनी गोणपाटात धरून चढवला. घाटावर कमी पावसाच्या पट्ट्यात असाल तर जूनमध्ये जायंटचा जुगार खेळून बघायला हरकत नाही, कोकणात मी खेळणार नाही.

गावठी लावणार असाल तर पावसाची वाट बघू नका, मेच्या मध्यावर हातभर उंच मातीच्या ढिगावर बी टोचा आणि पाणी घाला, म्हणजे पहिला धो-धो येईपर्यंत वेल जमीन धरतो आणि गणपतीत घारग्यांना भोपळा घरचा. आणि जायंटचं बी विश्वासातल्या माणसाकडूनच घ्या. माझ्या दुसऱ्या पाकिटावर चित्र राक्षसी भोपळ्याचं होतं, वेलाला लागला दुधी.