जेआरएफ की जर्मनीतली पगारी जागा?

सोलापूरजवळच्या केगावच्या विद्यापीठातून रसायनशास्त्रात एमएस्सी झालेल्या भाचीला पीएचडी करायची आहे, पण घरून पैसे न घेता. सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी दरमहा मिळणारी फेलोशिप मिळवावी, की जर्मनीत अर्ज करावेत?

पैसा: जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, पुढे 42,000, वर घरभाडं. सोलापुरात निवांत भागतं. जर्मनीत बहुधा अर्ध्या ते पाऊण पगाराचा, ठरावीक मुदतीचा करार मिळतो, आणि खर्चही तिथलाच.

मेहनत: खरा फरक इथे आहे. नेटचा अभ्यासक्रम ठरलेला, पण जेआरएफ मिळाल्यावरही गाइड आणि रिकामी जागा शोधावीच लागते. जर्मनीत बहुतेक जागांना प्रवेश परीक्षा नसते. युराक्सेस या संशोधनातल्या नोकऱ्यांच्या युरोपीय संकेतस्थळावरची जाहिरात बघायची, त्या प्राध्यापकांचे ताजे पेपर वाचायचे, आपल्या प्रकल्पातलं काम त्यांना कुठे उपयोगी पडेल ते पत्रात नेमकं लिहायचं. एकच ईमेल सगळ्यांना पाठवणं म्हणजे श्रम वाया! शिफारसपत्रासाठी सरांना महिनाभर आधी सांगावं.

महाराष्ट्रात प्राध्यापक व्हायचं असेल, घराजवळ राहायचं असेल, तर जेआरएफ. ठरावीक विषयाची ओढ आणि त्याला लागणारी उपकरणं इथे नसतील, तर जर्मनी. भाचीचा विषय अजून ठरलेला नाही. तिने आधी नेटचा फॉर्म भरावा.