एसी/डीसीची सुरुवातीची वर्षं: ऑस्ट्रेलियन आवृत्ती घ्यावी की आंतरराष्ट्रीय?

एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचे ‘हाय व्होल्टेज’ नावाचे अल्बम दोन आहेत. गाणी वेगळी, कव्हर वेगळं, वर्षही वेगळं. पहिला फेब्रुवारी 1975 मध्ये फक्त ऑस्ट्रेलियात आला आणि गंमत अशी की त्यात ‘हाय व्होल्टेज’ नावाचं गाणंच नाही. ते नंतर रेकॉर्ड झालं आणि त्याच वर्षअखेरीस आलेल्या ‘टी.एन.टी.’वर गेलं. मग 1976 मध्ये अटलांटिक कंपनीने बाहेरच्या जगासाठी या दोन्हींतून एक अल्बम जुळवला आणि नाव दिलं, पुन्हा, ‘हाय व्होल्टेज’. बॉन स्कॉट गायक होता त्या काळातला बँड नीट ऐकायचा असं ठरवणारा माणूस पहिला अडखळतो तो इथेच.

बँड माहीत आहे, त्यातले गिटार वाजवणारे यंग बंधू माहीत आहेत, निर्माते हॅरी वांडा आणि जॉर्ज यंग म्हणजे ‘ईझीबीट्स’ या आधीच्या बँडमधली जोडी हेही माहीत आहे असं धरतो. प्रश्न एवढाच की पैसे कुठल्या प्रतीवर घालायचे: अल्बर्ट प्रॉडक्शन्स या रेकॉर्ड कंपनीच्या मूळ ऑस्ट्रेलियन आवृत्तीवर, की सगळीकडे सहज मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीवर?

आंतरराष्ट्रीय ‘हाय व्होल्टेज’ची पहिली बाजू म्हणजे ‘टी.एन.टी.’चीच पहिली बाजू. ‘इट्स अ लाँग वे टू द टॉप’, ‘रॉक अँड रोल सिंगर’, ‘द जॅक’, ‘लाइव्ह वायर’: तीच चार गाणी, त्याच क्रमाने. बॉनची बॅगपाइप दोन्हीकडे सारखीच वाजते. इथपर्यंत कुठलीही प्रत घ्या, तोटा नाही. ज्याला फक्त ही चार गाणी हवीत त्याने पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

गडबड दुसऱ्या बाजूला. ऑस्ट्रेलियन ‘टी.एन.टी.’वर क्रम असा: ‘टी.एन.टी.’, ‘रॉकर’, ‘कॅन आय सिट नेक्स्ट टू यू गर्ल’, ‘हाय व्होल्टेज’ आणि शेवटी चक बेरीचं ‘स्कूल डेज’. आंतरराष्ट्रीय प्रतीवर यातली ‘रॉकर’ आणि ‘स्कूल डेज’ काढली आणि त्यांच्या जागी पहिल्या ऑस्ट्रेलियन अल्बममधली ‘लिटल लव्हर’ आणि ‘शीज गॉट बॉल्स’ घातली. कागदावर हा व्यवहार ठीक वाटतो. दोन गेली, दोन आली, एकूण नऊ ती नऊच.

पण ड्रमर बदलला, आणि माझ्यापुरता निकाल त्यानेच लागला.

पहिला अल्बम नोव्हेंबर 1974 मध्ये सिडनीच्या अल्बर्ट स्टुडिओत झाला तेव्हा बँडचा ड्रमर अजून पक्का नव्हता. ‘बेबी प्लीज डोन्ट गो’ सोडलं तर त्यातली सगळी गाणी टोनी करेंटी या रेकॉर्डिंगपुरत्या बोलावलेल्या (सेशन) ड्रमरने वाजवली आहेत. ‘टी.एन.टी.’च्या वेळी फिल रड आला होता. करेंटी चांगलाच वाजवतो, ठेक्यामध्ये तो भरणा (फिल) जास्त घालतो, टॉम या ड्रमांवरून फिरून येणं त्याला आवडतं. रड यातलं काही करत नाही. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर, वर हाय-हॅट, बस. जागा मोकळी सोडतो, आणि त्या मोकळ्या जागेत माल्कम यंगची गिटार बसते. आज आपण ज्याला ‘एसी/डीसीचा आवाज’ म्हणतो तो या बसण्यातून आलेला आहे.

आता आंतरराष्ट्रीय प्रतीची दुसरी बाजू लावा. पहिली दोन गाणी रडची, मधली दोन करेंटीची, शेवटी पुन्हा ‘टी.एन.टी.’वरचं ‘हाय व्होल्टेज’. ‘कॅन आय सिट नेक्स्ट टू यू गर्ल’ संपून ‘लिटल लव्हर’ सुरू झालं की ठेका सैल पडतो, आवाजाची खोलीही बदलते. दोन घरचं वरण एका पातेल्यात ओतल्यासारखं. वाईट दोन्हीपैकी काहीच नाही, पण चव लागत नाही. एकदा हे कानाला कळलं की पुढच्या प्रत्येक वेळी त्या जोडापाशी लक्ष जातं. गाणी सुटी ऐकणाऱ्याला किंवा शफल लावणाऱ्याला हे कदाचित जाणवणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकतंय असं मी म्हणणार नाही. बाजू सलग ऐकायची सवय असेल तर मात्र जाणवतं.

‘डर्टी डीड्स डन डर्ट चीप’चं प्रकरण एवढं टोकाचं नाही. दोन्ही आवृत्त्या 1976 च्याच, अमेरिकेत मात्र हा अल्बम थेट 1981 मध्ये आला. बॉनच्या मृत्यूला वर्ष उलटलं होतं, नव्या गायकाबरोबरचा ‘बॅक इन ब्लॅक’ येऊन गेला होता आणि तिथल्या श्रोत्यांना नव्या गायकानंतर पुन्हा जुना गायक ऐकू आला. ऑस्ट्रेलियन प्रतीवरची ‘आर.आय.पी. (रॉक इन पीस)’ आणि ‘जेलब्रेक’ बाहेर काढून आंतरराष्ट्रीय प्रतीवर ‘लव्ह ॲट फर्स्ट फील’ आणि ‘टी.एन.टी.’तून उरलेलं ‘रॉकर’ घेतलं. ‘रॉकर’ वाया गेलं नाही हे बरं झालं. पण ऑस्ट्रेलियन प्रत ‘राइड ऑन’च्या संथ ब्लूजनंतर ‘जेलब्रेक’वर संपते आणि तो शेवट ‘स्क्वीलर’वर संपणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रतीला नाही. शिवाय शीर्षकगीत दोन लांबींत फिरतं, सुमारे 4:11 आणि 3:51. वीस सेकंदांचा फरक शेवटाकडे पडतो. विकत घेण्याआधी वेळ तपासा.

‘लेट देअर बी रॉक’ (1977) मध्ये फरक एका गाण्याचा. ऑस्ट्रेलियन प्रतीवर ‘क्रॅबसोडी इन ब्लू’, आज मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय सीडीवर त्याजागी ‘प्रॉब्लेम चाइल्ड’, जे तुमच्याकडे ‘डर्टी डीड्स’वर आधीच असतं. एवढ्यासाठी कुणी ऑस्ट्रेलियातून रेकॉर्ड मागवू नये. हा अल्बम आंतरराष्ट्रीयच घ्या आणि सुखाने ऐका.

कव्हरचा मुद्दा चवीचा. पहिल्या ऑस्ट्रेलियन ‘हाय व्होल्टेज’वर विजेचं सबस्टेशन आणि त्यावर पाय वर करणारा कुत्रा आहे. आंतरराष्ट्रीय ‘डर्टी डीड्स’वर हिप्नोसिस या डिझाइन कंपनीचं चित्र, डोळ्यांवर काळ्या पट्ट्या मारलेली माणसं. मला तो कुत्रा जास्त बँडसारखा वाटतो, पण यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

जुळवाजुळव करणाऱ्यांसाठी

ऑस्ट्रेलियन प्रत न घेताही तिचा क्रम घरी लावता येतो. त्यासाठी आंतरराष्ट्रीय ‘हाय व्होल्टेज’ आणि ‘डर्टी डीड्स’ सोडून तीन गोष्टी लागतात: 1984 चा ‘’74 जेलब्रेक’, 1997 चा ‘बॉनफायर’ संच आणि 2009 चा ‘बॅकट्रॅक्स’.

‘टी.एन.टी.’ची सात गाणी आंतरराष्ट्रीय ‘हाय व्होल्टेज’मधून, ‘रॉकर’ आंतरराष्ट्रीय ‘डर्टी डीड्स’मधून, ‘स्कूल डेज’ ‘बॉनफायर’मधल्या ‘व्होल्ट्स’ या डिस्कवरून. झाली नऊ.

पहिल्या ‘हाय व्होल्टेज’साठी क्रम असा: ‘बेबी प्लीज डोन्ट गो’, ‘शीज गॉट बॉल्स’, ‘लिटल लव्हर’, ‘स्टिक अराउंड’, मग ‘सोल स्ट्रिपर’, ‘यू एन्ट गॉट अ होल्ड ऑन मी’, ‘लव्ह साँग’, ‘शो बिझनेस’. यातली ‘शीज गॉट बॉल्स’ आणि ‘लिटल लव्हर’ आंतरराष्ट्रीय प्रतीत, ‘स्टिक अराउंड’ आणि ‘लव्ह साँग’ ‘बॅकट्रॅक्स’वर, बाकी चार ‘’74 जेलब्रेक’वर. त्या नावाने फसू नका, त्यावरचं ‘जेलब्रेक’ 1976 चं आहे, फक्त उरलेली चार 1974 ची.

‘डर्टी डीड्स’साठी आंतरराष्ट्रीय प्रतीतली ‘लव्ह ॲट फर्स्ट फील’ आणि ‘रॉकर’ वगळा, ‘जेलब्रेक’ आणि ‘बॅकट्रॅक्स’वरचं ‘आर.आय.पी.’ घाला. शीर्षकगीत आणि ‘एन्ट नो फन’ शक्यतो ‘बॅकट्रॅक्स’च्या डिलक्स संचावरूनच घ्या, तिथे मूळ ऑस्ट्रेलियन लांबी आहे.

हे करताना एक हमखास चुकतं. स्रोत वेगवेगळ्या वर्षांचे, त्यामुळे आवाजाची पातळी वेगळी. 2009 च्या डिस्कवरचं गाणं 1997 च्या गाण्याशेजारी लावलं की कुठेतरी हात व्हॉल्यूमकडे जातोच. सीडी फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणाऱ्या फाइल प्रकारात) रिप करा, सगळ्या फायलींच्या टॅगमध्ये अल्बमचं नाव एक करा, ट्रॅक क्रमांक नव्याने द्या आणि मग रीप्लेगेन (गाण्यांची आवाजपातळी जुळवणारी सोय) ट्रॅक मोडवर लावा. अल्बम मोड लावलात तर गाण्यांमधला मूळ फरक तसाच राहतो आणि सगळी खटपट फुकट जाते. स्टुडिओ वेगळा, मास्टर वेगळा, हा फरक तरीही उरतोच. पातळी सारखी होते, पोत सारखा होत नाही. त्यामुळे जुळवाजुळव केलेला ‘टी.एन.टी.’ नव्वद टक्के जमतो, आणि उरलेल्या दहामध्ये ‘स्कूल डेज’ जरा परक्यासारखं उभं राहतं.

मूळ प्रत घ्यायचीच असेल तर

विनाइल घेणार असाल तर आधी ती ऑस्ट्रेलियन असल्याची खात्री करा. जाहिरातीत नुसतं ‘हाय व्होल्टेज’ लिहिलेलं असतं. गाण्यांची संख्या विचारा: आठ असतील आणि पहिलं ‘बेबी प्लीज डोन्ट गो’ असेल तर ऑस्ट्रेलियन, नऊ असतील आणि सुरुवात ‘लाँग वे’ने होत असेल तर आंतरराष्ट्रीय. लेबलवरचा क्रमांक ‘एपीएलपी’ने सुरू व्हायला हवा, ‘हाय व्होल्टेज’ 009, ‘डर्टी डीड्स’ 020. ‘टी.एन.टी.’वर मात्र ‘एपीएलपीए 016’ असं एक अक्षर जास्त आहे. ते पाहून खोटी प्रत समजू नका. पण क्रमांक पुढच्या छपाईवरही तोच राहतो. म्हणून क्रमांकावरून ‘पहिली छपाई’ सिद्ध होत नाही. विक्रेता तेवढ्यावर दुप्पट किंमत सांगत असेल तर लेबल आणि आतल्या कडेच्या कोऱ्या पट्टीवरच्या कोरीव अक्षरांचे फोटो मागवा.

ही तबकडी पन्नास वर्षांपूर्वी घरगुती पार्ट्यांत वाजलेली असते. विक्रेत्याने ‘व्हीजी प्लस’ (म्हणजे चांगल्या अवस्थेतली) लिहिलं तरी ‘टी.एन.टी.’ची एक जागा वाजवून ऐकायची विनंती जरूर करा: ‘लाइव्ह वायर’ची सुरुवात. गाणं पहिल्या बाजूच्या अगदी आत, लेबलजवळ आहे, जिथे सुईला सगळ्यात कमी जागा मिळते आणि झीज आधी ऐकू येते. त्यात सुरुवात बेस आणि हलक्या हाय-हॅटने होते, मोठ्या गिटारच्या मागे खरखर लपायला वाव नाही. तिथे स्वच्छ असेल तर बाकीची बाजू बहुधा ठीक निघते. सुरुवात स्वच्छ पण आवाज चढल्यावर ‘स’ आणि झांजा फाटत असतील तर जुन्या बोथट सुईने खोबणी खाल्ली आहे. ते धुऊन जात नाही.

तबकडी मागवताना ती कव्हरच्या बाहेर, वेगळ्या आतल्या पिशवीत ठेवून पॅक करायला सांगा. आत ठेवली तर प्रवासात आदळून कव्हरची शिवण फाटते आणि कव्हर फाटलेली प्रत पुढे विकताना किंमत पडते. पार्सलचा खर्च आणि कस्टम ड्युटी मिळून रेकॉर्डच्या किमतीच्या बरोबरीला सहज येतात. म्हणून आपल्याकडे राहणाऱ्याला, किमतीकडे पाहून, विनाइलऐवजी अल्बर्टची ऑस्ट्रेलियन सीडी सुचवावीशी वाटते. ती हलकी असते, तिची शिवण फाटत नाही, ‘लाइव्ह वायर’ झिजत नाही आणि सिडनी-मेलबर्नला असलेली मावसबहीण सुट्टीत येताना बॅगेत घालून आणू शकते. विनाइलचा आनंद वेगळा हे मान्य, पण इथे मुद्दा क्रमाचा आहे, आणि तो सीडीवरही तोच आहे.

नवख्याला मी आंतरराष्ट्रीय ‘हाय व्होल्टेज’च देईन, कारण ते आज संध्याकाळी मिळतं आणि त्याची पहिली बाजू निर्दोष आहे. दोन-तीन महिन्यांनी त्याला ‘डर्टी डीड्स’वरचं ‘रॉकर’ का तुटक वाटतं, ‘लिटल लव्हर’ का ढिलं वाटतं असे प्रश्न पडू लागले, तर बाकी काही घ्यायच्या आधी ऑस्ट्रेलियन ‘टी.एन.टी.’ एवढं एकच घ्यावं. ‘हाय व्होल्टेज’ची ऑस्ट्रेलियन प्रत त्यानंतर, ‘डर्टी डीड्स’ची खिसा असेल तर, आणि ‘लेट देअर बी रॉक’ची नाही.