आधी बरॅसी की मॅथ्यूज? फूटीच्या वाटेवर नव्याने आलेल्यांसाठी

मेलबर्नला राहायला आलेल्या माणसाला ऑफिसात लवकरच कोणीतरी विचारतं, "मग, तुम्ही कुठल्या क्लबचे?" 'मी क्रिकेट बघतो' एवढ्यावर तिथे सुटका होत नाही. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, तिथल्या तोंडी 'फूटी', हे त्या शहराचं वेड आहे. खेळ कळायला अवघड नाही. क्रिकेटच्याच लंबगोल मैदानावर 18 विरुद्ध 18 जण खेळतात आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू मारला की 6 गुण, बाजूच्या जागेतून गेला तर 1. इतिहास मात्र सव्वाशे वर्षांहून मोठा आहे, आणि तो कुठून धरावा तेच कळत नाही.

माझा सल्ला: एका माणसाची कारकीर्द धरा. त्यासाठी दोनच नावं मला योग्य वाटतात, रॉन बरॅसी आणि ली मॅथ्यूज. दोघांचे पुतळे एमसीजीबाहेर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडबाहेर, उभे आहेत. 1996 साली फूटीचा हॉल ऑफ फेम सुरू झाला तेव्हा पहिल्या 12 'लेजंड'मध्ये दोघंही होते. आणि प्रशिक्षक म्हणून दोघांच्या खात्यात चार-चार विजेतेपदं आहेत. नुसत्या आकड्यांवर निवड होणार नाही.

मैदानावर

बरॅसीची गोष्ट त्याच्या वडिलांपासून सुरू होते. तेही रॉन बरॅसीच. 1940 च्या विजेत्या मेलबर्न संघात ते होते आणि 1941 मध्ये तोब्रुकला युद्धात मारले गेले. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. पुढे आई टास्मानियाला गेली आणि किशोरवयीन रॉन मेलबर्न क्लबचे प्रशिक्षक नॉर्म स्मिथ यांच्या घरी राहिला. हा पोरगा दुसऱ्या क्लबकडे जाऊ नये म्हणून मेलबर्नने आग्रह धरला आणि वडिलांच्या क्लबकडून मुलाला खेळू देणारा 'फादर-सन' नियम आकाराला आला. 1953 मध्ये तो पहिला सामना खेळला. तो ना उंच, ना बुटका, त्यामुळे रूढ जागांपैकी कुठलीच त्याला धड बसेना. स्मिथनी त्याला उंच 'रकमन'च्या, म्हणजे उसळलेल्या चेंडूसाठी उडी मारणाऱ्या खेळाडूच्या, जोडीने सगळ्या मैदानभर मोकळा सोडला. 'रक-रोव्हर' ही भूमिका त्याच्यामुळेच रुजली. खेळाडू म्हणून सहा विजेतेपदं: 1955, 56, 57, 59, 60 आणि 64. शेवटची दोन कर्णधार म्हणून.

मॅथ्यूजच्या कथेत असलं नाट्य नाही, पण खेळाडू म्हणून तोच सरस, असं मी बेधडक म्हणेन. 1969 ते 1985 तो एकाच क्लबकडून, हॉथॉर्नकडून, 332 सामने खेळला आणि 915 गोल केले. उंची जेमतेम 178 सेंटिमीटर. क्लबचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू तो आठ वेळा ठरला, विजेतेपदं चार. टोपणनाव 'लीथल', म्हणजे 'ली' आणि 'लीथल' (जीवघेणा) यांवरचा खेळ, आणि ते उगाच पडलेलं नव्हतं. 1982 मध्ये एसेंडनच्या मैदानावर तो बाजूच्या खांबावर आदळला आणि मोडला तो खांब. त्याच्या खेळाची काळी बाजूही लपवण्यात अर्थ नाही. 1985 मध्ये चेंडूपासून दूर त्याने जीलाँगच्या नेव्हिल ब्रन्सला मारलं आणि ब्रन्सचा जबडा मोडला. लीगने चार आठवडे त्याची नोंदणी रद्द केली, पोलिसांनीही गुन्हा दाखल केला. कोर्टात तो दोषी ठरला, तो निकाल पुढे अपिलात रद्द झाला. 'नायक निष्कलंक हवा' असं ज्यांना वाटतं त्यांनी हे आधीच जाणून घ्यावं.

बाकावरून

खरी चुरस इथे आहे.

1964 चं विजेतेपद जिंकून बरॅसी कार्लटनला कर्णधार-प्रशिक्षक म्हणून निघून गेला. मेलबर्नच्या चाहत्यांना तो घाव वर्षानुवर्षं सलत राहिला. कार्लटनने 1968 चा अंतिम सामना 3 गुणांनी जिंकला, तोही प्रतिस्पर्ध्यापेक्षा एक गोल कमी करून. मग 1970. एमसीजीवर 1,21,696 प्रेक्षक, मध्यंतराला कार्लटन कॉलिंगवूडच्या 44 गुणांनी मागे. बरॅसीने पोरांना बजावलं की हँडबॉल करा, म्हणजे लाथेऐवजी मुठीने चेंडू देत वेगाने पुढे जा. बदली खेळाडू टेड हॉपकिन्सला आत सोडलं, त्याने चार गोल ठोकले, आणि कार्लटन 10 गुणांनी जिंकलं. फूटी त्या दिवशी बदलली असं सांगतात. एका दिवसात खेळ बदलत नसतो, पण त्या दुसऱ्या अर्धाचा दरारा मोठा आहे हे खरं.

नंतर 1972 मध्ये तळाला असलेलं नॉर्थ मेलबर्न त्याने हाती घेतलं आणि 1975 ला त्यांचं पहिलंवहिलं विजेतेपद मिळवलं, 1977 ला दुसरं. श्रेय देताना हेही सांगायला हवं की दहा वर्षं खेळलेल्यांना क्लब बदलू देणाऱ्या अल्पायुषी नियमाचा फायदा घेऊन नॉर्थने डग वेडसारखे तयार खेळाडू आणले होते. मेलबर्नला परतल्यावर 1981 ते 85 मध्ये बरॅसीच्या हाती काही लागलं नाही. सिडनीत 1993 ते 95 तेच, पण बुडत्या क्लबला त्याने उभं केलं आणि 1996 ला तो क्लब अंतिम फेरीत पोहोचला.

मॅथ्यूजने 1986 मध्ये कॉलिंगवूड घेतलं. 1958 पासून हा क्लब आठ अंतिम सामने हरला होता. 1990 मध्ये त्याने तो दुष्काळ संपवला. 1998 ला तळाशी असलेल्या ब्रिस्बेन लायन्सला त्याने पुढच्याच वर्षी बाद फेरीत नेलं, आणि 2001, 2002, 2003 अशी सलग तीन विजेतेपदं दिली. संघात व्हॉस, ब्लॅक, अकरमॅनिस, लॅपिन होते, शिवाय जोनाथन ब्राउन. हा ब्राउन लायन्सकडे आला 'फादर-सन' नियमाने, कारण वडील लायन्समध्ये विलीन झालेल्या फिट्झरॉयकडून खेळले होते. बरॅसीसाठी आकाराला आलेला नियम असा मॅथ्यूजच्या कामी आला.

सलग चार विजेतेपदांच्या विक्रमाशी, 1927 ते 30 मधल्या कॉलिंगवूडच्या, दोघांचीही गाठ पडली. 1958 मध्ये बरॅसीच्या मेलबर्नला कॉलिंगवूडनेच रोखलं, 2004 मध्ये मॅथ्यूजच्या लायन्सना पोर्ट ॲडलेडने 40 गुणांनी हरवलं.

मग कोण?

तुम्हाला त्या शहराचा स्वभाव, त्याच्या निष्ठा, फितुरी, दंतकथा समजून घ्यायच्या असतील तर आधी बरॅसी. मूल फूटी खेळायला लागलं असेल आणि 'चांगला खेळाडू, चांगला संघ कसा घडतो' हे बघायचं असेल तर मॅथ्यूज. त्याचे संघ बघताना डावपेच सहज उमगतात, आणि 2000 नंतरचा खेळ आजच्या खेळाच्या जवळचा आहे.

कॉलिंगवूडचे चाहते व्हायचं ठरलंच असेल, तर प्रश्न सोपा. बरॅसीने तुमच्या क्लबला 1964, 1970 आणि 1977 च्या अंतिम सामन्यांत रडवलं. मॅथ्यूजने 1990 चा करंडक दिला, मग 2002 आणि 2003 ला समोर उभं राहून दोन हिरावले. तरीही मॅथ्यूजच.

दोघांना प्रत्येकी एक संध्याकाळच देता येणार असेल, तर बरॅसीसाठी 1970 चा सामना मध्यंतरापासून बघा, आणि मॅथ्यूजसाठी 2002 चा पावसातला अंतिम सामना पूर्ण. तो 9 गुणांनी सुटला.